आधी आलेला रुग्ण मागे का राहतो? पाड्यापासून ‘सिव्हिल’पर्यंत तातडीच्या उपचारांची सोपी ओळख

पावसाळा सुरू झाला की नाशिक जिल्ह्यात दोन प्रकारच्या बातम्या हमखास वाचायला मिळतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरी तालुक्यातील एखाद्या पाड्यावर कोणाला तरी साप चावला आणि रुग्णालयात दाखल करण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला, ही पहिली बातमी. रुग्णाकडे वेळेवर लक्ष दिले नाही म्हणून नातेवाइकांनी रुग्णालयात गोंधळ घातला, ही दुसरी. पहिल्या बातमीत मोलाचा वेळ गावात आणि रस्त्यात गेलेला असतो. दुसरीत रुग्ण दारापर्यंत पोहोचलेला असतो, पण दाराच्या आत काय चालले आहे हे बाहेर ताटकळलेल्या माणसांना कोणी सांगितलेले नसते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्व राज्यांना सर्पदंश हा अधिसूचित आजार म्हणून जाहीर करण्यास सांगितले. सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची आणि मृत्यूची नोंद रुग्णालयाने सरकारकडे कळवावी, असा त्याचा अर्थ. नोंद झाल्याने कोठे सर्पविषावरचे औषध किती लागते हे सरकारला समजेल. मात्र चावा झाल्यानंतरच्या पहिल्या तासात काय करायचे, हे घरातल्या माणसांनाच ठाऊक असावे लागते.

आधी येणाऱ्याला आधी का तपासत नाहीत?

बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे आपण ज्याला ओपीडी म्हणतो तेथे, केस पेपरच्या क्रमाने नंबर लागतो. अपघात विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत, हा नियम चालत नाही. तेथे रुग्ण आत येताच परिचारिका किंवा डॉक्टर एक-दोन मिनिटांत काही मोजक्या गोष्टी पाहतात: तो बोलतो का, श्वास किती वेगाने चालला आहे, नाडी कशी लागते, रक्तदाब किती आहे, बोटाला लावलेले यंत्र रक्तातला प्राणवायू किती दाखवते आणि बोटातून थेंबभर रक्त घेतल्यावर साखर किती निघते. या पाहणीवरून रुग्णांची वर्गवारी होते. तिला वैद्यकीय भाषेत ‘ट्रायज’ म्हणतात. लाल गटातील रुग्णाच्या जिवाला आत्ता, या क्षणी धोका असतो. पिवळ्या गटातील रुग्ण गंभीर असला तरी थोडा वेळ थांबू शकतो. हिरव्या गटातील रुग्णाला उपचार हवेच असतात, पण थांबल्याने त्याचे नुकसान होत नाही.

बाहेरून हे फार अन्यायाचे वाटते. दुचाकीवरून पडून मनगट मोडलेला तरुण वेदनेने ओरडत असतो आणि त्याच्यानंतर आलेल्या, निपचित बसलेल्या, घामाघूम झालेल्या आजोबांना आत नेले जाते. ओरडणाऱ्या माणसाचा श्वासमार्ग मोकळा आहे, फुप्फुसे चालू आहेत आणि तो शुद्धीवर आहे, हे त्याच्या आवाजावरूनच कळते. गप्प झालेल्या माणसाबद्दल तशी खात्री देता येत नाही, म्हणून डॉक्टरांची नजर आधी त्याच्याकडे जाते.

ही वर्गवारी एकदा झाली म्हणजे कायमची ठरली, असे मात्र नाही. बाहेर थांबलेल्या रुग्णाला धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला, ओठ निळसर दिसू लागले किंवा त्याची झापड वाढली, तर ते लगेच आत जाऊन सांगावे. ‘आमचा नंबर कधी येणार’ यापेक्षा ‘आत्ता आणले तेव्हा बोलत होते, आता बोलत नाहीत’ हे वाक्य डॉक्टरांच्या अधिक उपयोगाचे असते. थांबणाऱ्या कुटुंबाला हे समजावणे हे रुग्णालयाचेही काम आहे, आणि ते आपल्याकडे फार कमी ठिकाणी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग रुग्णाला थेट नाशिकलाच का नेऊ नये?

सुरगाणा ते नाशिक हे अंतर ९० किलोमीटरच्या आसपास आहे. पेठहून निघाले तर कोटंबी घाट आणि सावळ घाट ओलांडावे लागतात, आणि पावसात, धुक्यात, रात्रीच्या वेळी तो रस्ता अधिकच लांबतो. तरीही ‘इथे काय होणार, सिव्हिललाच न्या’ असे म्हणत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय मागे टाकून जीप पुढे काढली जाते. ब्रेक निकामी झालेली गाडी कोणी शहरातल्या मोठ्या गॅरेजमध्ये दुरुस्त करू म्हणून तशीच घाटात उतरवत नाही. जेथे असेल तेथे आधी ब्रेक चालू करून घेतो आणि मग बाकीच्या कामासाठी पुढे जातो. रुग्णाचेही तसेच आहे. श्वास चालू ठेवणे, रक्तस्राव थांबवणे, सलाईन आणि प्राणवायू लावणे, झटके थांबवणे, सर्पविषावरचे औषध सुरू करणे ही कामे जवळच्या केंद्रात होऊ शकतात, आणि बहुतेक वेळा याच कामांवर रुग्ण पुढच्या प्रवासात टिकेल की नाही हे ठरते.

ग्रामीण रुग्णालयाने रुग्णाला पुढे पाठवले की ‘त्यांनी हात वर केले’ असा समज होतो. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, कळवण किंवा निफाडसारखे उपजिल्हा रुग्णालय आणि नाशिकचे जिल्हा रुग्णालय या एकाच साखळीतल्या पायऱ्या आहेत. आदिवासी व डोंगराळ भागात साधारण २०,००० आणि सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हा जो निकष आहे, तो मूळ हेतूने जवळ पोहोचण्यासाठीच ठरवलेला आहे. पुढे पाठवताना दिलेली चिठ्ठी जपून ठेवावी. कोणते औषध किती वाजता दिले हे त्यात लिहिलेले असते, आणि ते ठाऊक नसेल तर पुढच्या डॉक्टरांना अंदाजाने सुरुवात करावी लागते.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिच्यात डॉक्टर असतो, प्राणवायू असतो, आणि जवळ कोणते रुग्णालय योग्य आहे हे सांगणारे नियंत्रण कक्षाचे माणूस फोनवर असते. गरोदर माता आणि लहान बाळासाठी १०२ हा क्रमांक आहे. डोंगरातल्या पाड्यावर गाडी पोहोचायला वेळ लागणार असेल, तर फोनवरच विचारून अर्ध्या रस्त्यात गाठ घालण्याचे ठरवता येते. फोन न करता खासगी जीपने निघाल्यास ही सोय हातची जाते.

‘जवळचे आधी’ या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अचानक तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो बहुधा मेंदूचा झटका असतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे सीटी स्कॅनने पाहावेच लागते. म्हणून अशा रुग्णाला १०८ ला विचारून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे, आणि तो शेवटचा पूर्ण बरा कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवावी.

साप चावल्यावर रुग्णालयात नेमके काय करतात?

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपल्याकडे विषबाधेला बहुतांशी चार साप कारणीभूत असतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. लोक ज्याला ‘सापाचे इंजेक्शन’ म्हणतात ते प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. घोड्याच्या शरीरात या विषांची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रथिने तयार होतात आणि ती वेगळी काढून हे औषध बनवतात.

हे औषध रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. मज्जातंतूंच्या टोकाला आधीच जाऊन बसलेले मण्यारचे विष किंवा घोणसच्या विषाने आधीच झालेली मूत्रपिंडाची हानी ते मागे फिरवू शकत नाही. उशीर झाल्यावर ‘इंजेक्शन देऊनही माणूस गेला’ असे जे ऐकू येते, त्यामागे बहुधा हेच असते.

साप चावलेला प्रत्येक माणूस आला की लगेच इंजेक्शन टोचले जात नाही, आणि येथेच पुष्कळ वाद होतात. डॉक्टर आधी विषबाधेची लक्षणे शोधतात. पापण्या जड होऊन मिटू लागणे, गिळता न येणे, मान न सावरणे ही नाग आणि मण्यारची खूण. चावलेल्या जागी वाढणारी सूज, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त ही घोणस आणि फुरशाची. रक्ताची एक साधी चाचणीही करतात, जी खेड्यातल्या केंद्रातही होते. शिरेतून सुमारे दोन मिलिलिटर रक्त काढून ते नव्या, कोरड्या काचेच्या नळीत सोडतात आणि नळी उभी करून ठेवतात. वीस मिनिटे तिला कोणी हात लावत नाही, हलवत नाही. मग ती हलकेच तिरपी करतात. रक्त गोठून तळाशी धरून राहिले तर गोठण्याची क्रिया शाबूत आहे. ते पातळच राहून काचेवरून ओघळले, तर रक्त बिघडवणारे विष शरीरात भिनले आहे आणि प्रतिविष तातडीने हवे. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत उत्तर चुकीचे येऊ शकते. बाहेरच्या नातेवाइकांना मात्र ‘आमचा माणूस मरतोय आणि हे नळीकडे बघत बसलेत’ एवढेच दिसते.

सरसकट इंजेक्शन न देण्याचे कारण असे, की घोड्याच्या प्रथिनांची काही जणांना तीव्र रिॲक्शन येते: अंगाला खाज सुटते, थंडी वाजते, रक्तदाब घसरतो, श्वास अडकतो. त्यावर ॲड्रेनॅलिन हे औषध हाताशी भरून ठेवावे लागते. विषबाधा झालेली असेल तर हा धोका पत्करणे योग्यच, नसेल तर अनाठायी. औषध द्यायचे ठरले की साधारण १० कुप्यांनी सुरुवात होते, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा देतात, कारण मूल लहान आहे म्हणून सापाने विष कमी सोडलेले नसते. लक्षणे नसली तरी किमान २४ तास निरीक्षणाखाली राहावे लागते.

मण्यारबद्दल वेगळे सांगायला हवे. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि चावा इतका बारीक असतो की झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, डोळे उघडत नाहीत. घरातले समजतात की रात्रीचे जेवण बाधले. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे कारण नसताना पोटदुखी झाली आणि पापण्या जड दिसल्या, तर चाव्याची खूण सापडो वा न सापडो, रुग्णालय गाठावे. या विषाने श्वासाचे स्नायू थकतात, पण माणूस आतून पुष्कळदा शुद्धीवर असतो. अशा वेळी तोंडावर मास्क बसवून हाताने दाबायची रबरी पिशवी, अंबू बॅग, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबत संपूर्ण घाट उतरावा लागतो, आणि पुढे व्हेंटिलेटरवर काही दिवस काढले की तोच माणूस चालत घरी जाऊ शकतो. डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही म्हणून ‘संपले’ असे मानून रुग्णाला वाटेतून परत फिरवू नये.

भगताकडे नेलेली माणसे बरी होतात, ते कसे?

हा प्रश्न गावबैठकीत हटकून येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही, कारण बरी झालेली माणसे लोकांनी खरोखरच पाहिलेली असतात. आपल्या भागातले बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. अशा सर्व रुग्णांना काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी ते बरे होतात आणि श्रेय मंत्राला किंवा मुळीला जाते. विष भिनलेला रुग्ण मात्र त्याच अंगणात दोन-तीन तास घालवतो. कोणता दंश कोरडा हे पहिल्या तासात कोणालाच, डॉक्टरांनाही, नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून निरीक्षण रुग्णालयातच व्हावे.

भगताला शत्रू ठरवून काही साधत नाही, असे मला वाटते. पाड्यावर ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, की पहिली हाक त्याला जाते. त्याने धीर दिला, अंगारा लावला आणि ‘आता गाडीत घाला, मीही येतो’ असे म्हटले, तर वेळही वाया जात नाही आणि कुटुंबाचे मनही मोडत नाही.

बांधायचे का? साप मारून न्यायचा का?

घट्ट बांधू नये. दोरीने किंवा फडक्याने आवळल्यास रक्तपुरवठा तुटून हात-पाय कुजू शकतो, आणि दोरी एकदम सोडली तर अडकून राहिलेले विष एका दमात शरीरात जाते. कोणी आधीच आवळून बांधले असेल, तर ते वाटेत न सोडता डॉक्टरांना दाखवावे; औषध हाताशी ठेवून ते सोडतात. चिरा देणे, विष चोखणे, बर्फ लावणे यांनी जखम वाढते, विष निघत नाही. चावलेला अवयव मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, तोडे लगेच काढावेत, कारण सूज आल्यावर ते मांसात रुततात. रुग्णाला चालवू नये, उचलून किंवा डोलीतून न्यावे, आणि उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर ठेवावे.

साप शोधत बसण्यात वेळ जातो आणि आणखी एकाला चावा बसतो. प्रतिविष चारही सापांवर एकच असल्याने साप न दिसताही उपचार सुरू होतात. दुरून मोबाइलवर फोटो सहज मिळाला तर उपयोगी पडतो, विशेषतः सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात, कारण तेथे आढळणाऱ्या हिरव्या चापड्यासारख्या सापाच्या विषावर हे औषध चालत नाही.

द्राक्षबागेतले विष

निफाड आणि दिंडोरीच्या पट्ट्यात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्यांचा हंगाम सुरू होतो, आणि अपघात विभागात कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. काही वेळा फवारताना औषध अंगावर उडालेले असते, काही वेळा ते पोटात गेलेले असते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाने डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, दरदरून घाम आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसतात. त्यावर ॲट्रोपिन हे औषध आहे, आणि ते छातीतला स्राव आटेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये; शुद्ध हरपत चाललेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत गेली तर तीच जीव घेते. कपडे उतरवावेत, अंग साबणाने भरपूर पाण्याने धुवावे, हे करणाऱ्याने हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी, आणि औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. विष कोणी स्वतःहून घेतले असेल तर बदनामीच्या भीतीने ‘चक्कर आली’ असे सांगितले जाते. मग डॉक्टर चक्करचे कारण शोधत बसतात आणि ॲट्रोपिनला उशीर होतो.

पोलीस केस होईल म्हणून रुग्णालय नाकारेल का?

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले, की जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. नोंद होतेच, पण ती उपचारांच्या जोडीने. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला आणून सोडणाऱ्या माणसालाही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

केंद्रात डॉक्टरच नसतील तर?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर लोकांना उपदेश करून देता येणार नाही. रात्री कुलूप दिसलेल्या केंद्राकडे दुसऱ्यांदा कोणी जाणार नाही. म्हणूनच निघतानाच १०८ ला विचारावे, किंवा आशाताईंमार्फत केंद्राला फोन करून डॉक्टर आणि प्रतिविष आत्ता आहे का हे जाणून घ्यावे. नसेल तर पुढचे ठिकाण तेव्हाच ठरते. प्रतिविषाचा साठा किती, रात्री कोण उपलब्ध, हे प्रश्न पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत विचारणे हा गावाचा हक्क आहे, आणि तो वापरला गेला पाहिजे.

माहिती कोणाला, कधी, कोणत्या भाषेत?

भाताची आवणी सुरू झाली की बैठकीला कोणी येत नाही. जे सांगायचे ते मे-जूनमध्येच सांगायला हवे. पेठ-सुरगाण्यात घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलली जाते, आणि भिंतीवरचे फलक मात्र ‘दंशस्थान स्थिर ठेवावे’ अशा मराठीत असतात. खाटेवर झोपणे, मच्छरदाणी गादीखाली खोचणे, रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडणे, कांदाचाळीखाली उंदरांना थारा न देणे या गोष्टी त्याच पाड्यावरच्या आशाताईने तिच्या बोलीत सांगितल्या तर त्या लोक ऐकतात.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. याच तालुक्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात आणि बागेतल्या शेडमध्ये जमिनीवर झोपतात. गावी त्यांना दिलेली माहिती तेथल्या रुग्णालयाबद्दल काहीच सांगत नाही. बागमालकाने शेडच्या दारावर जवळच्या सरकारी रुग्णालयाचे नाव, तेथवरचा रस्ता आणि रात्री गाडी कोणाची मिळेल हे चित्रासह लावावे, आणि मजुरांना एकदा समोर बसवून सांगावे.

घरी सोडल्यावर संपले का?

प्रतिविष दिलेल्या रुग्णाला एक-दोन आठवड्यांनी ताप येणे, सांधे दुखणे, अंगावर पुरळ उठणे असे होऊ शकते. लोक याला ‘विष उलटले’ म्हणतात आणि पुन्हा मुळीकडे वळतात. घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने दिलेली ही उशिराची प्रतिक्रिया असते आणि ती गोळ्यांनी बरी होते. लघवी कमी होणे, चेहऱ्यावर सूज येणे किंवा चावलेल्या जागेची कातडी काळी पडणे यांपैकी काही दिसले तर मात्र त्याच दिवशी, सुट्टीचे कार्ड सोबत घेऊन, ज्या रुग्णालयातून सोडले तेथे परत जावे.